‘फायनल ऐकली, बघितली नाही’: एकच स्टार दिलेल्या रिव्ह्यूला आमच्या हॉस्टेलचं उत्तर

नमस्कार. आमच्या हॉस्टेलला एकच स्टार देताना तू खरं नाव लिहिलेलं नाहीस आणि तू कोण हे शोधायला मी गेले नाही. हॉस्टेलचं दार सांभाळणाऱ्या मावशींनाही विचारलं नाही. हॉस्टेल मी चालवते, इथल्या सगळ्याच मुली मला काकू म्हणतात, म्हणून अगं-तुगं करतेय. राग मानू नकोस.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुझी तक्रार थोडक्यात सांगते. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहून २ नोव्हेंबर २०२५ ची महिला क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल तुम्हाला बघता आली नाही. मावशींनी ११ वाजता हॉलमधला टीव्ही बंद केला, त्यानंतर वायफायने मान टाकली. मुलीमागे रोजच्या २ जीबीची मर्यादा म्हणजे भीक आहे, आणि हे सगळं काकू पैसे वाचवायला करतात. वर टीव्हीवर कायम मालिका.

टीव्हीबद्दल तुझं शंभर टक्के खरं आहे. हॉल ११ ला बंद हा नियम हॉस्टेल सुरू झाल्यापासूनचा. हॉलच्या भिंतीला लागून जी खोली आहे, तिथल्या नर्सिंगच्या मुली पहाटे पाचला उठतात, म्हणून तो केला होता. पण त्या दिवशी दुपारी पाऊस आला, ३ ची मॅच ५ ला सुरू झाली, आणि ११ वाजता दक्षिण आफ्रिकेची बॅटिंग ऐन रंगात होती. मावशींनी मला तीनदा फोन केला, ‘ताई, आज चालू ठेवू का?’ एवढंच विचारायला. माझा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. मी सीवूड्सला घरी टीव्हीसमोर, तीच मॅच बघत, टाळ्या पिटत बसले होते. मिस्ड कॉल दिसले तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते. मावशींनी रिमोट हिसकावला की मागून घेतला ते मला माहीत नाही, पण त्यांनी माझाच नियम पाळला. त्यांच्या नावाने लिहिलेली ती दोन वाक्यं तेवढी काढलीस तर बरं वाटेल. माझ्याबद्दलची राहू दे.

आता वायफाय. टीव्ही ११ ला बंद झाला आणि पाच मिनिटांत तीस-पस्तीस जणींनी एकदम फोन काढले. दिवाळीहून सगळ्या परतल्या नव्हत्या, नाहीतर आणखी दहा वाढल्या असत्या. एचडी चित्राला एका फोनला ५ एमबीपीएसचा वेग तरी लागतो. पस्तीस गुणिले पाच, १७५. आमची लाइन १०० ची. त्यात ज्यांनी ५ वाजल्यापासून खोलीत फोनवरच मॅच लावली होती त्यांचे २ जीबी कधीच संपले होते. म्हणजे ज्याच्यावर एक पैशाचं नेट लागत नाही तो केबलचा टीव्ही आम्ही बंद केला आणि सगळा भार नेटवर आणून टाकला. राउटरला दोष कसा देऊ? मोबाईलच्या डेटाचं तर बोलायलाच नको. स्टेडियममध्ये मॅच असली की आमच्या गल्लीत साधा फोटो जायला चहा निवतो.

तू लिहिलं आहेस की गॅलरीत उभं राहून आरोळी ऐकू यायची आणि फोनवर बॉल अजून पडायचाच असायचा. ते वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. ॲपवरचं चित्र तसंही अर्धा मिनिट मागे असतं, त्यात ते गोल गोल फिरत राहणार. हरमनप्रीतने मागे पळत घेतलेला तो शेवटचा कॅच तुम्ही आधी कानाने घेतलात! बारानंतर मर्यादा नव्याने सुरू झाली, तोवर बघायला बक्षीस समारंभ उरला होता.

पण २ जीबीची मर्यादा मी चुकीची मानत नाही, आणि ती का लावली हे तुझ्यासारखंच इथे चौकशी करायला येणाऱ्या पालकांनीही वाचावं. ‘अनलिमिटेड’ म्हणून जी लाइन मिळते तिच्यात महिन्याला ३३०० जीबीची अट असते, बारीक अक्षरात. ती ओलांडली की वेग पडतो. दोन वर्षांपूर्वी मर्यादा नव्हती. एचडीला तासाला ३ जीबी जातात. ४६ मुलींनी रोज दीड तास पाहिलं की २०७ जीबी. महिन्याचा कोटा सोळाव्या दिवशी साफ! तेव्हा झालंही नेमकं तसंच. अठरा तारखेला परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता, फीची पावती काही अपलोड होईना, आणि एक मुलगी रात्री साडेनऊला रिक्षा करून स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेली. मी सोबत होते. कॅफेवाला शटर ओढायच्या बेतात होता. ३३०० भागिले ३०, भागिले ४६, हे गणित मी त्या रिक्षातच केलं. सव्वादोनच्या वर येतं. कॅमेरे आणि ऑफिसपुरतं बाजूला ठेवून २.

पैसे वाचवण्याचा मुद्दा मात्र तू बरोबर पकडलास. दुसरी लाइन मुलीमागे वीस रुपयांच्या आत बसते, ती मी आळसाने घेतली नव्हती. आता घेतली आहे. मर्यादा ४ जीबी झाली. याहून जास्त होणार नाही, कारण लाइन दुप्पट झाली तरी कोटा दुप्पटच होतो. तुम्हाला लागतं ते चौपट.

एक सांगू? फोनवर बघताना चित्राची क्वालिटी ४८० वर ठेव. तासाला १ जीबीच्या आतबाहेर भागतं. सहा इंचाच्या काचेवर फरक शोधावा लागतो. ‘ऑटो’वर ठेवलंस तर ॲप नेट असेल तितकं खातं. आणि एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो ना, ते बंद कर. झोप तुला लागते आणि डेटा तो खात बसतो. सकाळी माझ्याकडे ‘काकू, मी काहीच बघितलं नव्हतं’ म्हणून आलेल्या निम्म्या मुलींचं हेच असतं.

मालिकांबद्दल. रात्री ८ ते साडेआठ मावशींची मालिका असते, ती राहील. दिवसभर त्या तुमच्यासाठी दार उघडतात, त्या अर्ध्या तासाला मी हात लावणार नाही. बाकी वेळेसाठी टीव्हीखाली वही ठेवली आहे. जिने आधी नाव लिहिलं तिचा रिमोट. पहिल्याच आठवड्यात दोन पानं फाडलेली सापडली, त्याचा तपास चालू आहे.

भारताची मॅच असेल तर, मुलांची असो की मुलींची, आता हॉल शेवटच्या बॉलपर्यंत उघडा राहील. ११ नंतर आवाज कमी ठेवायचा, एवढंच. नर्सिंगच्या मुलींशी बोलून हे ठरवलं, त्यातल्या दोघी स्वतःच बसणार आहेत म्हणाल्या. मावशींना परवानगीसाठी मला फोन करायची गरज नाही.

तू हॉस्टेल सोडलं असशील तरी मॅचला ये, गेटवर मावशींना माझं नाव सांग. खुर्च्या बाराच आहेत, तेव्हा चटई घेऊन ये.