योजना घ्यावी की नाही, हे आम्हाला ठरवू तरी द्या!

वापरलेली गाडी घेताना किंमत ठरवणे, कर्जाची जुळवाजुळव करणे, आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा आरसीवरून उतरला आहे की नाही ते पाहणे, ही सगळी दगदग मी मुकाट्याने सहन केली. माझा संयम सुटला तो विस्तारित देखभाल योजना नावाच्या प्रकरणावर, म्हणजे पैसे आधी घेऊन पुढची सर्व्हिस आणि दुरुस्ती करून देण्याच्या करारावर. सौदा ठरत आला की दालनातला तरुण एक चकचकीत पत्रक पुढे सरकवतो, त्यावर ढाल आणि हसरे कुटुंब छापलेले असते, आणि आपण काही विचारण्याआधीच कोटेशनच्या शेवटच्या ओळीत २२,००० रुपये मांडून झालेले असतात. ही रक्कम कशाची, असे विचारले तर उत्तर मिळते, "सर, सगळेच कव्हर होते." सगळे म्हणजे काय, ते लिहिलेला करार वाचायला मागितला, तर तो पैसे भरल्यानंतर ईमेलवर येतो म्हणे!

योजना वाईटच असते, असे माझे म्हणणे नाही. ती घ्यावी की नाही, हे ज्या दोन-तीन गोष्टींवरून ठरवायचे, नेमक्या त्याच ग्राहकापासून पद्धतशीरपणे लपवल्या जातात आणि वर त्याला "आजच्या आज ठरवा, उद्या हा दर मिळणार नाही" असे सांगितले जाते, याची मला चीड आहे.

पहिली लबाडी नावातच आहे, कारण त्या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. ठरावीक किलोमीटरनंतर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर बदलणे आणि त्याची मजुरी, हा एक भाग झाला. तो खर्च कोणालाही आधीच माहीत असतो, त्यामुळे त्याचा करार म्हणजे सर्व्हिसचे पैसे आगाऊ भरणे, एवढाच त्याचा अर्थ. गाडीतला एखादा भाग अवचित निकामी झाला तर तो दुरुस्त करून देण्याची हमी, हा दुसरा भाग. या दोहोंचा हिशेब पूर्णपणे वेगळा आहे, आणि म्हणूनच त्यांची एकच मोट बांधून एकच आकडा सांगितला जातो. यातले सर्व्हिसचे किती आणि हमीचे किती, एवढा साधा प्रश्न मी विचारला, तर तो तरुण आतल्या केबिनमध्ये जाऊन आला आणि "पॅकेज आहे सर, फोड होत नाही" असे सांगून मोकळा झाला. वर्षभराच्या दोन सर्व्हिस माझ्या नेहमीच्या गॅरेजमध्ये किती रुपयांत होतात हे मला ठाऊक असल्याने मी ते वजा करून हमीची किंमत काढू शकलो. पण पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याने ती कशी काढावी?

आता हमीत काय बसते ते पाहू. बऱ्याच आग्रहानंतर मला कराराचा नमुना मोबाईलवर दाखवण्यात आला, आणि त्यातली वगळलेल्या भागांची यादी समाविष्ट भागांच्या यादीहून लांब होती. क्लच प्लेट नाही, ब्रेक पॅड नाहीत, टायर आणि बॅटरी नाही, रबरी भाग नाहीत, बुश (चाकांच्या सांध्यांतली धक्के शोषणारी छोटी नळकांडी) नाहीत, शॉक अब्सॉर्बर नाहीत, वायपर, बल्ब, काच यांचा तर प्रश्नच नाही. सात वर्षे पुण्याच्या रस्त्यांवर चाललेल्या साध्या पेट्रोल हॅचबॅकचे जे काही जाते, ते नेमके हेच जाते. हिंजवडीच्या कोंडीत अर्ध्या क्लचवर सरकत राहिल्याने क्लच झिजतो. खड्ड्यांनी लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश आणि व्हील बेअरिंग खाल्ले जातात. उलट हमीत जे ठळक अक्षरांत मिरवले जाते, म्हणजे इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे अंतर्गत भाग, ते टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या, मॅन्युअल गिअरच्या पेट्रोल गाडीत वेळेवर ऑइल बदलले असेल तर सहसा दगा देत नाहीत. जे मोडते ते घालायचे नाही आणि जे मोडत नाही त्याची हमी द्यायची, या व्यवहाराला सुरक्षा कवच म्हणायला धाडसच पाहिजे.

गाडी वेगळी असेल तर उत्तरही वेगळे येईल, हे मान्य केले पाहिजे. टर्बो आणि उच्च दाबाने इंधन फवारणारे इंजेक्टर असलेली डिझेल, विशेषतः एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ या प्रदूषण नियमांमुळे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर बसवलेली गाडी, किंवा दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली गाडी घेणाऱ्याला एकाच दुरुस्तीचे बिल योजनेच्या किमतीच्या कितीतरी पट येऊ शकते. अशा गाडीला, करारात ते भाग नावानिशी लिहिलेले असतील तर, हमी घेणे शहाणपणाचे ठरेल. पण दालनात हा फरक कोण सांगतो? तिथे सगळ्या गाड्यांना एकच ढाल आणि एकच हसरे कुटुंब.

आणि आता त्या कलमाकडे वळतो, जे वाचून माझे डोके खरोखर फिरले. "खरेदीपूर्वीपासून असलेल्या दोषांना ही योजना लागू नाही." जुन्या गाडीच्या बाबतीत या वाक्याचा अर्थ काय होतो, ते नीट पाहा. गाडी विकताना हीच मंडळी भिंतीवर फलक लावतात, की आमच्या तज्ज्ञांनी २०० निकषांवर तपासलेली गाडी आहे. त्या तपासणीच्या नावाखाली बाहेरच्या मालकाकडे मिळते त्याहून चढी किंमत घेतात. तपासणीचा हिरव्या खुणांनी भरलेला कागद आपल्या हातात ठेवतात. मग चार महिन्यांनी गिअरबॉक्समधून आवाज येऊ लागला, की त्यांचाच माणूस सांगणार, हा दोष जुना दिसतो. अहो, जुना होता तर तुमच्या २०० निकषांना तो दिसला कसा नाही? आणि दिसला नसेल, तर त्या तपासणीचे जादा पैसे कशाचे घेतलेत? तपासणी खरी असेल तर हे कलम अनावश्यक आहे आणि कलम आवश्यक असेल तर तपासणी खोटी आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असण्याची सोय फक्त विक्रेत्यासाठी आहे. शिवाय दोष जुना की नवा, हे ठरवण्याचा अधिकारही त्यांच्याच कार्यशाळेकडे! वादीही तेच, साक्षीदारही तेच आणि न्यायाधीशही तेच.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर पुण्यातल्या सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा तिथे उभ्या असलेल्या गाड्याही त्या पाण्यात होत्या. पाण्यात राहिलेल्या गाडीच्या वायरिंगच्या जोडांना गंज चढायला वेळ लागतो. आज उत्तम चालणारी गाडी वर्षभराने एकेक सेन्सर सोडू लागते. अशी गाडी पुसून-पॉलिश करून कोणाच्या गळ्यात पडली, तर तिच्या मालकाला या कलमाचा नेमका अर्थ कळेल. पाण्याने झालेले नुकसान आधीच वगळलेले, आणि उरलेले "पूर्वीचा दोष" म्हणून बाहेर.

दाव्याच्या पद्धतीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती लिहितानाही रक्तदाब वाढतो. दोष शोधण्यासाठी इंजिन उघडायचे तर त्याची मजुरी आधी मालकाने भरायची, दावा मंजूर झाला तरच ती परत मिळायची. सर्व्हिस ठरलेल्या किलोमीटरपेक्षा जरा पुढे गेली, की हमी रद्द. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून तोच मूळ कंपनीचा भाग आणून ओळखीच्या गॅरेजमध्ये बसवला, तरी हमी रद्द. एका दाव्याला आणि एकूण रकमेला वेगवेगळी कमाल मर्यादा, त्यामुळे "इंजिन गेले तर लाखाचा फटका बसेल" अशी भीती घालून विकलेली योजना त्या लाखाच्या जवळपासही पोहोचत नाही. आधीच्या मालकाची शिल्लक हमी आपल्या नावावर करून घ्यायची, तर आरसी नावावर झाल्याचा पुरावा १५ दिवसांत द्यायचा. मोटार वाहन कायदा मात्र मालकीबदल कळवायला एकाच राज्यात विकणाऱ्याला १४ आणि घेणाऱ्याला ३० दिवस देतो. कायद्याने दिलेली मुदत वापरणाऱ्या माणसाची हमी बुडते, याची कोणाला लाज वाटत नाही.

दाद मागायची तर कुठे? हा विमा नव्हे, तर सेवा-करार आहे, असे त्याच कागदावर छापलेले असल्यामुळे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाचे दार बंद. बाहेर दुरुस्ती केली म्हणून हमी नाकारण्याचा आणि सुटे भाग स्वतंत्र गॅरेजांना न देण्याचा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्येच ऐरणीवर आणला होता; ऑगस्टमध्ये आयोगाने १४ वाहन-उत्पादकांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, त्यावर पुढे अपिले झाली, आणि आज माझ्यासमोरच्या मोबाईलवर तीच अट निर्लज्जपणे उभी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये "अनुचित करार" ही संकल्पना आली, हे खरे. पण करारच अनुचित आहे अशी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे नव्हे, तर थेट राज्य ग्राहक आयोगापुढे नेण्याची तरतूद आहे. २२,००० रुपयांच्या कागदासाठी नोकरदार माणसाने वकील लावून राज्य आयोग गाठावा, आणि तो गाठणार नाही हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असावे, यावरच हा धंदा चालतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, तेवढाच काय तो दिलासा.

त्यातून घरच्यांचा आग्रह वेगळाच. "घेऊन टाक, मनाला शांतता तरी राहील," असे आमचे मेहुणे सांगत होते. ज्या कराराचे प्रत्येक कलम वाचताना झोप उडते, तो घेऊन कसली शांतता मिळणार? मी त्यांना शांतपणे सांगितले, की हेच २२,००० रुपये बँकेत वेगळे ठेवतो. क्लच गेला तर त्यातून क्लच टाकेन, बॅटरी गेली तर बॅटरी घेईन, आणि काहीच गेले नाही तर पैसे माझेच राहतील. गाडी घेण्याआधी माझ्या मेकॅनिकला सोबत नेऊन ती लिफ्टवर चढवून पाहिली, त्याला त्याची मजुरी दिली, आणि त्याने खालून टॉर्च मारून पाहिलेल्या गोष्टी त्या हिरव्या खुणांच्या कागदात कुठेही नव्हत्या.

योजना नको, असे मी शेवटी सांगितले, तेव्हा त्या तरुणाने खणातून आणखी एक कागद काढला. "मला विस्तारित देखभाल योजनेचे सर्व फायदे समजावून सांगण्यात आले असून मी ती माझ्या स्वतःच्या जबाबदारीवर नाकारत आहे," असे त्यावर ठसठशीत अक्षरांत, स्वच्छ मराठीत, एका पानात छापलेले होते. योजनेच्या अटी मराठीत मिळतील का, असे मी याच माणसाला विचारले होते, तेव्हा त्या फक्त इंग्रजीत उपलब्ध असल्याचे उत्तर मिळाले होते. "सर्व फायदे समजावून सांगण्यात आले असून" एवढे शब्द मी पेनाने खोडले आणि मगच सही केली. त्यावर, असा खाडाखोड केलेला फॉर्म सिस्टीम स्वीकारत नाही, म्हणून गाडीची किल्ली द्यायला त्यांनी आणखी तासभर लावला.