‘व्हीनेटचं काय ते स्टॅक बघून घेतो’ : हा सल्ला कुठे फसतो

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमवर नेटवर्क ड्रायव्हर लिहायला बसलेल्या नवख्याला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. थोडक्यात असा: ‘व्हीइमेज आता जेनेरिक कर्नलमध्येच आहे. ड्रायव्हर फक्त कार्डाशी बोलतो, व्हीनेटचं काय ते स्टॅक बघून घेतो. तरीही जेलमध्ये पॅनिक आला, तर जिथे आला तिथे करव्हीनेट-सेट घालून टाका. त्यानंही भागलं नाही, तर व्हीनेट अजून कच्चं आहे असं समजा.’ (जेल म्हणजे त्याच कर्नलवर चालणारा बंदिस्त कप्पा, व्हीनेट म्हणजे त्याला मिळणारा स्वतंत्र नेटवर्क स्टॅक, व्हीइमेज हा ती सोय देणारा कर्नलचा पर्याय, जेनेरिक म्हणजे फ्रीबीएसडीसोबत येणारा तयार कर्नल, पॅनिक म्हणजे कर्नलच कोसळणं, आणि करव्हीनेट-सेट म्हणजे चालू व्हीनेट ठरवणारा मॅक्रो.) हा सल्ला मानून मी एका पीसीआय कार्डाच्या ड्रायव्हरवर बरेच दिवस वाया घालवले आहेत. म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासून बघायचं आहे.

त्याआधी यंत्रणा समजून घेऊ. व्हीनेट असलेल्या प्रत्येक जेलला नेटवर्क स्टॅकच्या ग्लोबल चलांची स्वतंत्र प्रत मिळते. रूटिंग टेबल, इंटरफेसची यादी, टीसीपीची जोडणी-यादी हे सगळं ज्याचं त्याचं वेगळं. आत्ता कुठली प्रत वापरायची, हे कर्नल चालू थ्रेडमधल्या एका पॉइंटरवरून ठरवतो. तो पॉइंटर म्हणजे करव्हीनेट. कार्ड कुठलं, ड्रायव्हर कुणाचा, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. हे काम कुठल्या थ्रेडवर चाललं आहे, एवढंच तो जाणतो.

आता पहिलं वाक्य: ड्रायव्हर फक्त कार्डाशी बोलतो. यात तथ्य आहे आणि ते मी मोकळेपणानं मान्य करतो. आलेलं पॅकेट ड्रायव्हर वर सोपवतो, तेव्हा ईथर-इनपुट हे स्टॅकचं फंक्शन स्वतःच त्या इंटरफेसचं व्हीनेट लावून घेतं. इंटरफेसची मांडणी बदलणाऱ्या आयफकॉन्फिग या आज्ञेकडून आलेली विनंती सॉकेटच्या व्हीनेटसह येते. कार्ड सापडल्यावर बस यंत्रणा ड्रायव्हरचं अटॅच फंक्शन बोलावते, तेसुद्धा आधी व्हीनेट-शून्य, म्हणजे मूळ यजमानाचं व्हीनेट, लावून. साध्या ड्रायव्हरचं बरंचसं काम या तीन वाटांनीच होतं, आणि म्हणूनच हा सल्ला इतका पसरला.

पण हे संरक्षण त्या फंक्शनपुरतंच असतं. माझ्या कार्डाला फर्मवेअर चढवायला वेळ लागायचा, म्हणून अटॅचमध्ये मी फक्त एक टास्क, म्हणजे नंतर करायचं काम, रांगेत टाकला आणि इंटरफेसची नोंदणी त्या टास्कमधून केली. ही रांग, म्हणजे टास्कक्यू, चालवणारा थ्रेड वेगळा. त्याचा करव्हीनेट रिकामा. नोंदणी करणारा कोड नव्या इंटरफेसवर चालू करव्हीनेटचाच शिक्का मारतो, इथे तर शिक्काच नव्हता. यंत्र सुरू होतानाच पॅनिक. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या यंत्रावर जेल एकही नव्हतं! कर्नलमध्ये व्हीइमेज असलं की हा नियम यजमानालाही तितकाच लागू होतो. ‘मी जेल वापरत नाही, मला काय त्याचं’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उत्तर स्रोतवृक्षातच होतं, मी पाहिलं नव्हतं. यूएसबी ईथरनेट ड्रायव्हरांचा जो सामाईक थर आहे, तोही इंटरफेसची नोंदणी आपल्या वेगळ्या टास्कमधून करतो, आणि तो टास्क नोंदणीआधी व्हीनेट-शून्य लावून घेतो. काम संपलं की आधीचं परत ठेवतो. मला हव्या होत्या त्या एवढ्या दोन ओळी.

म्हणून ड्रायव्हर तपासताना मी आता कार्डाचं माहितीपत्रक बाजूला ठेवतो आणि प्रत्येक फंक्शनला एकच प्रश्न विचारतो: तुला कोण बोलावतं? कॉलआउट (ठरल्या वेळी बोलावणारा टायमर), टास्कक्यू, इंटरप्ट थ्रेड, फर्मवेअरच्या घटना हाताळणारा थ्रेड, यांपैकी कुणी असेल तर करव्हीनेट आपसूक मिळेल ही आशा सोडायची. लिनक्समधून आणलेल्या ड्रायव्हरांत हे जास्त बोचतं. तिकडे नेटवर्क नेमस्पेस डिव्हाइसकडून मागून घेतात आणि उघडपणे पुढे देतात, त्यामुळे वाचणाऱ्याला ते दिसतं. इकडे ते थ्रेडच्या पोटात असतं. कोड जसाच्या तसा उतरवला की नेमका तोच प्रश्न नजरेआड होतो.

दुसरा सल्ला, जिथे पॅनिक येईल तिथे करव्हीनेट-सेट घाला, मला सर्वांत घातक वाटतो. कारण त्यानं पॅनिक थांबतो आणि चूक आत राहते. सेट करायचं, पण कुठलं? बहुतेक जण व्हीनेट-शून्य टाकतात. नोंदणीच्या क्षणी ते बरोबर आहे, कारण कार्ड तेव्हा यजमानाचंच असतं. पण उद्या कुणी आयफकॉन्फिगनं ते कार्ड जेलमध्ये हलवलं, की त्यानंतरच्या प्रत्येक कामात तेच व्हीनेट चुकीचं ठरतं. अटॅचच्या वेळचा करव्हीनेट ड्रायव्हरच्या रचनेत जपून ठेवणाऱ्यांचीही हीच गत. व्हीनेट दर वेळी इंटरफेसच्या रचनेतूनच वाचायचं, कारण कार्ड हलवलं की कर्नल तिथेच नवा पत्ता लिहितो.

चुकीच्या व्हीनेटचा परिणाम कसा दिसतो? एलआरओचं उदाहरण घ्या. आलेली लहान पॅकेट्स जोडून मोठं करण्याची ही सोय, पण पॅकेट्स पुढे पाठवणाऱ्या यंत्रावर ती अडचणीची ठरते. म्हणून आयफ्लिब हा ड्रायव्हरांचा सामाईक ढाचा, फॉरवर्डिंग चालू आहे का, हे आधी विचारतो, आणि तेही इंटरफेसचं व्हीनेट लावूनच. समजा जेल राउटर आहे आणि यजमान नाही. तुमच्या ड्रायव्हरनं हा प्रश्न यजमानाला विचारला, तर उत्तर ‘नाही’ येईल. पॅनिक नाही, लॉगमध्ये ओळ नाही, फक्त जेलमधली वाहतूक बिघडलेली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शिवाय सेटची जोडी रिस्टोअरशी, म्हणजे आधीचं व्हीनेट परत ठेवणाऱ्या ओळीशी असते. दोन्हींच्या मध्ये कुठे लवकर परतणारा रिटर्न राहिला, तर थ्रेड ते व्हीनेट अंगावर घेऊनच पुढच्या कामाला जातो. टास्कक्यू सामाईक असेल तर पुढचं काम भलत्याच ड्रायव्हरचं असू शकतं. मग ते व्हीनेट ज्या जेलचं, ते जेल बंद होतं, त्याची मेमरी मोकळी होते आणि पॅनिक दुसऱ्याच्या कोडमध्ये येतो. असा पॅनिक शोधायला बसलेल्या माणसाचे हाल मी पाहिले आहेत.

राहिलं शेवटचं: व्हीनेट कच्चं आहे. हे एके काळी खरं होतं. मार्को झेक यांनी क्लोन करता येणाऱ्या नेटवर्क स्टॅकवरचा निबंध 2003 साली यूजनिक्सच्या परिषदेत मांडला. 2009 मध्ये फ्रीबीएसडीच्या 8.0 आवृत्तीत व्हीनेट प्रायोगिक म्हणून आलं, आणि जेल बंद करताना मेमरी गळणं ही पुढे कित्येक वर्षं नेहमीची तक्रार होती. पण डिसेंबर 2018 मध्ये 12.0 आलं तेव्हा ते जेनेरिकमध्ये होतं. आजही रिकाम्या करव्हीनेटवरच्या पॅनिकचं खापर त्यावर फोडणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

ड्रायव्हर खरोखर तयार आहे का, हे बघायला फार काही लागत नाही. कर्नल इनव्हेरियंट्स आणि व्हीनेट-डीबग हे तपासणीचे पर्याय लावून बांधा. व्हीनेटचं एक जेल काढा, कार्ड त्यात हलवा, वाहतूक चालू ठेवा. वाहतूक चालू असताना केबल काढून परत लावा, म्हणजे लिंकच्या घटना हाताळणारा थ्रेड जागा होतो. मग जेल तसंच बंद करा, कार्ड यजमानाकडे परत यायला हवं. परत आल्यावर मॉड्यूल उतरवा, पुन्हा चढवा, आणि हे सगळं निदान दहा वेळा करा. माझा ड्रायव्हर दुसऱ्याच फेरीत पडला होता, एका विसरलेल्या रिटर्नपायी.