आल्प्सच्या नद्या बर्फामुळं स्वच्छ नाहीयेत

चार दिवस झाले, सोसायटीच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर, जिकडं तिकडं तोच मेसेज. स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅट गावाचा फोटो, मागं मॅटरहॉर्नचा डोंगर, पुढं नदी, आणि खाली लिहिलंय की बर्फाचं पाणी म्हणून ती आपोआप साफ राहते, थंडीत जंतू मरतात, तिकडच्या लोकांना शिस्त आहे, आपल्याकडं मात्र एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटवर, खर्च म्हणजे पैसे पाण्यात. काल आत्यानं पण पाठवला, म्हणून लिहायला बसलो.

थंडीत जंतू मरतात हे साफ चूक. टायफॉइडचे जंतू गार पाण्यात उलट जास्त दिवस टिकतात. आणि फोटो ज्या गावाचा लावलाय त्याच झेरमॅटमध्ये 1963 साली, ऐन हिवाळ्यात, स्कीइंगच्या सीझनमध्ये टायफॉइडची साथ आली होती, पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळलं होतं, 437 जण आजारी पडले आणि 3 माणसं गेली.

आता बर्फाचं. बर्फ वितळतो उन्हाळ्यात, तेव्हा हिमनदीचं पाणी दगडाच्या बारीक भुकटीनं दुधाळ राखाडी दिसतं, म्हणजे पाण्याच्या रंगावरून काही ठरत नाही. हिवाळ्यात वर सगळं गोठलेलं, नदीत पाणी अगदीच कमी, आणि नेमकी तेव्हाच हॉटेलं फुल्ल. घाण जास्त, वाहून न्यायला पाणी नाही. ऑस्ट्रियात टिरोलमध्ये त्सिलर नदी इन नदीला मिळते तिथं श्ट्रासचा प्लांट आहे, तीसेक गावांचं सांडपाणी तिथं येतं, आणि पर्यटकांच्या सीझनला त्याच्यावरचा लोड दुपटीच्या घरात जातो. त्यात पाणी 12 अंशांच्या खाली गेलं की सांडपाण्यातला अमोनिया खाऊन ते साफ करणारे जिवाणू सुस्तावतात, म्हणून टाक्या मोठ्या बांधाव्या लागतात. थंडी त्यांना मदत करत नाही हो, थंडीशी ते झगडतात! आपल्या सोलापूरचं ऊन या एका कामात आपल्या बाजूनं आहे, इथं जिवाणू बारा महिने जोमानं काम करतात, फक्त गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो म्हणून हवा नीट सोडत राहावी लागते. आणि खर्चाचं म्हणाल तर श्ट्रासवाले गाळातून गॅस काढून त्यावर वीज करतात, 2005 च्या सुमारासच प्लांटला लागते त्यापेक्षा जास्त वीज तिथं तयार व्हायला लागली.

शिस्तीचं म्हणाल तर 1965 मध्ये स्वित्झर्लंडच्या जेमतेम 14 टक्के लोकांचं सांडपाणी प्लांटला जात होतं, बाकी नदीत नाहीतर तळ्यात. लोक तेच होते की! 1971 ला कायदा कडक झाला, सरकारनं पैसा ओतला, गावोगाव पाइप टाकले, तेव्हा कुठं ते 97 टक्क्यांवर गेलं. झेरमॅटचा प्लांट तर डोंगराच्या पोटात खडक फोडून बसवलाय, मग फोटोत दिसणार कसा?

राहिलं पैसे पाण्यात. प्लांट बांधतात आणि नाला जोडतच नाहीत, नाहीतर विजेच्या बिलापायी बंद ठेवतात, असं होतं, हे मी पण मान्य करतो, पण मग भांडायचं ते चालू ठेवा म्हणून. आपण पितो काय? पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत, आणि उजनीतलं पाणी आपल्या नळाला. आमच्याकडं चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आई नळाला पांढरं फडकं बांधते, हंडा भरेपर्यंत ते हिरवट झालेलं असतं, शेवाळाचा वास येतो. पहिली बादली ती फरशी पुसायला ठेवते.

आत्या, त्या फडक्याचा फोटो ग्रुपवर टाकलाय, तो पण पुढं पाठव. वरच्या गावचा प्लांट नीट चालला की ते फडकं पांढरं राहील, आणि आपल्या सोलापूरचा देगावचा प्लांट नीट चालला की सीनाकाठच्या खालच्या गावांचं.