ओल्या रुमालाबद्दलचा मेसेज: माझीच दुरुस्ती

‘दगड किंवा टाइल कापताना नाकातोंडाला ओला रुमाल बांधा, धूळ आत जाणार नाही’ हा मेसेज सध्या फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो पुढे ढकलला होता. तो चुकीचा आहे.

रुमाल सोडवला की त्यावर पांढरा थर दिसतो, म्हणून वाटतं की काम झालं. पण तो थर जाड कणांचा. फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचणारे सिलिकाचे (दगड-टाइलमध्ये असणाऱ्या खनिजाचे) कण साधारण ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक असतात. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास. कापडाच्या विणीतून आणि गालाजवळच्या फटीतून ते सहज आत जातात. हवा स्वच्छ दिसत असली तरी ते तरंगत असतात.

यातून होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार बरा होत नाही. बहुतेकांना तो दहाएक वर्षांनी कळतो. धूळ फार असेल तर त्याच्या कितीतरी आधी. शिवाय ही दगडातली स्फटिकी सिलिका कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच जाहीर केलंय.

पाणी हवंच, पण रुमालावर नव्हे, थेट पात्यावर. त्याने धूळ उडण्याआधीच बसते. सोबत किमान एन-९५ मास्क, चेहऱ्याला घट्ट बसणारा (दाढी असेल तर तो नीट बसत नाही, हे कुणी सांगत नाही). आणि कोरडा झाडू नको.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा पाठवा.