मेम्राला वगळून कसं चालेल?

बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान ‘प्रारंभी शब्द होता’ असं सुरू होतं. तो ‘शब्द’ (ग्रीकमध्ये ‘लोगोस’) थेट ग्रीक तत्त्वज्ञानातून उचलला, हे लेखातलं विधान घाईचं वाटतं. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, धर्मग्रंथाचा हिब्रू पाठ वाचला की त्याचं अरामी रूप लोकांना ऐकवलं जाई. ती ‘तार्गुम’ (अरामी भाषांतर) परंपरा लेखात औषधालाही नाही! तिथे देव स्वतः काही करतो म्हणायच्या जागी वारंवार ‘मेम्रा’ येतो, म्हणजे देवाचं वचन. ओंकेलोसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तार्गुममध्ये आदाम-हव्वेला बागेत ऐकू येतो तो मेम्राचा आवाज. निओफिती नावाचं दुसरं तार्गुम (त्याचं हस्तलिखित व्हॅटिकनमध्ये ओंकेलोसचं तार्गुम समजूनच पडून होतं, १९५६ साली खरी ओळख जाहीर झाली) त्याहून पुढे जातं. बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकातल्या १२:४२ या ओवीवरच्या त्याच्या चार रात्रींच्या काव्यात सृष्टीच्या पहिल्या रात्री सगळीकडे अंधार असतो आणि मेम्राच प्रकाश होऊन चमकतो. आता योहानाच्या पहिल्या पाच ओळी वाचा: तिथेही सृष्टीचा आरंभ, ‘शब्द’ आणि अंधारात चमकणारा प्रकाश आहे.

हातातली तार्गुमं योहानानंतर लिहिली गेली असतील, मान्य. मेम्रा ही देवाहून वेगळी दैवी व्यक्ती नव्हे, असं ज्यू धर्माचे अभ्यासक जॉर्ज फूट मूर यांनी १९२२ मध्येच बजावलं होतं, तेही पटतं. पण अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ फिलो तर ज्यू असूनच ग्रीकमध्ये ‘लोगोस’वर लिहीत होता. मग ग्रीक की ज्यू, अशी सरळ वाटणी लेखकाने केली कशी?