‘जुन्या निर्मात्यांची मजा होती’ म्हणे!

एक फॉरवर्ड फिरून राह्यला सध्या, नागपूरच्या निम्म्या ग्रुपांत तरी आलाच असन. वर जुने नट-निर्माते भगवानदादांचा फोटो अन् खाली लिहिलंय की पन्नासच्या दशकातल्या स्वतंत्र निर्मात्यांची मजाच होती, खिशातला पैसा लावायचा, पिक्चर चालला की सगळा नफा घरी, सरकारची कटकट नाही, आणि जे बुडाले ते उधळपट्टीनं बुडाले. राजेहो, एकेक पाहू.

खिशातला पैसा? बँका पिक्चरवाल्याला दारात उभं करत नव्हत्या, सरकारचं फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन आलं १९६० ला. तोवर निर्माता काय करायचा, तर नाववाले हिरो-हिरोइन साइन करायचा, थोडं शूटिंग उरकायचा अन् तेवढ्यावर पिक्चर टेरिटरीनुसार, म्हणजे एकेका भागाचे हक्क वेगळे करून, डिस्ट्रिब्युटरांना आधीच विकायचा. आपला विदर्भ त्यात सीपी-बेरार (मध्य प्रांत अन् वऱ्हाड), प्रांताचं नाव १९५० मध्ये गेलं पण फिल्म लाइनमध्ये आजही तेच चालते. बाकीचा पैसा फायनान्सरचा, जबर व्याजानं, तारण पिक्चरची निगेटिव्ह, म्हणजे मूळ फिल्म. शूटिंग रखडलं की व्याज चढलंच.

नफा घरी, हे तर सगळ्यात मोठं थोतांड. मिनिमम गॅरंटीत डिस्ट्रिब्युटर निर्मात्याला ठरलेली रक्कम आधीच देणार, मग गल्ल्यातून टॉकीजवाल्याचा वाटा गेला की आधी आपली रक्कम, प्रिंट अन् पब्लिसिटीचा खर्च, वरून कमिशन कापून घेणार, आणि त्यातूनही काही उरलं तर त्याला ओव्हरफ्लो म्हणायचं, त्यात निर्मात्याचा हिस्सा. तो किती, ते डिस्ट्रिब्युटरची वही सांगणार. मुंबईच्या माणसानं काय सीताबर्डीत येऊन तिकिटं मोजायची का रोज?

सरकारची कटकट नाही म्हणणाऱ्यानं तर नागपुरात राहून हे लिहू नये. १९४९ मध्ये करमणूक कर ५० टक्क्यांवर नेला तो आपल्याच मध्य प्रांतानं, राजधानी तेव्हा नागपूरच होती ना बाप्पा! बंगालनं ७५ केला. ३० जून १९४९ ला देशभरातल्या टॉकीजवाल्यांनी निषेध म्हणून शो बंद ठेवले होते.

आता भगवानदादा. आपल्या अमरावतीचा जन्म. चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ, १९५१ चा ‘अलबेला’ तुफान चालला, जुहूला बंगला, गाड्या, हे सगळं खरं आहे. पण गाड्यांनी स्टुडिओ जात नसतो. आलेला पैसा पुढच्या पिक्चरांत घातला, ‘झमेला’ तसा चालला नाही, नंतरचेही पडले. मोठ्या कंपनीचे वर्षाला तीन-चार पिक्चर निघत, एक पडला तर दुसरा सांभाळून घेई, एकट्या माणसाला ती सोयच नव्हती (तरी प्रभात अन् बॉम्बे टॉकीज या मोठ्या कंपन्याही त्याच दशकात बंद झाल्या, ते या फॉरवर्डमध्ये काहून नाही?). स्टुडिओ गेला, बंगला गेला, दादा दादरच्या चाळीत राहायला गेले आणि पुढं कित्येक वर्षं मिळतील ते छोटे रोल करत राह्यले, तेवढं मात्र लिहिणाऱ्याला दिसलं नाही.