अडखळलं म्हणजे तोतरं?

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय: ‘मूल अडखळत बोलतं? ही तोतरेपणाची सुरुवात. जीभ जड असते. वेखंड चाटवा, घरात एकच भाषा बोला, "हळू बोल" सांगत राहा. पाचव्या वर्षापर्यंत सुटतंच.’ मी स्पीच थेरपिस्ट. मलाही तो तीनदा आला, एकदा तर सख्ख्या आत्याकडून.

घोळ पहिल्याच वाक्यात आहे. चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावली की सहा वर्षांचं एक मूल म्हणतं, "तो मुलगा... मुलगा चेंडू... मुलाने ते, ह्याच्यात... चेंडू टाकली." दुसरं म्हणतं, "प-प-पाण्यात टाकला," आणि ‘प’वर त्याचे ओठ घट्ट मिटून राहतात. तोतरेपणा आहे तो या दुसऱ्या मुलात. काय म्हणायचंय ते त्याला पक्कं ठाऊक असतं, फक्त सुटत नाही. पहिल्याचं वाक्यच जुळत नाही: ‘ने’ लावायचा का, टाकला की टाकली, आणि ‘विहीर’ हा शब्द गेला कुठे? हा भाषाविकासाचा विकार असू शकतो. अमेरिकेतल्या आयोवा भागात बालवाडीच्या मुलांची पाहणी झाली, ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ७ टक्के मुलांत असा विकार आढळला. क्वचित एकाच मुलात दोन्ही असतात. आणि जे मूल ‘दे’, ‘नको’, ‘तिकडे’ एवढ्यावरच भागवतं, ते अडखळतच नाही. मेसेजच्या हिशेबाने ते ठणठणीत!

जिभेचं म्हणाल, तर १८४१ मध्ये बर्लिनचा सर्जन डीफेनबाख तोतरेपणा घालवायला जीभ कापत होता, तीही ईथरची भूल येण्याआधी. वेखंड त्यापुढे सौम्य, पण समजूत तीच. ‘विहीर’ आठवत नाही, यात जिभेचा काय दोष?

दोन भाषांमुळे विकार होत नाही. विकार असेल तर तो घरच्या मराठीतही दिसतो. फक्त शाळेतल्या इंग्रजीत अडत असेल तर बहुधा इंग्रजीच कमी कानावर पडलेली असते. मराठी बंद करून मुलाची आजी तेवढी तुटते.

‘हळू बोल’ने शब्द सापडत नाही. त्याला पूर्ण बोलू द्या, मग आपण सहज म्हणा, "हो, मुलाने चेंडू विहिरीत टाकला." पुन्हा म्हणायला लावू नका.

पाचव्या वर्षापर्यंत थांबा, हे अर्धं खरं. लहानपणी सुरू झालेला तोतरेपणा बहुतेक मुलांत जातो. पण पाचव्या वर्षीही वाक्य जुळत नसेल तर ते सहसा आपोआप सुटत नाही. आधी कान तपासा. मग थेरपिस्ट गाठा किंवा जिल्हा रुग्णालयात डीईआयसीची, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्राची, चौकशी करा.

थेरपीत वाक्यं लांबली की काही मुलांचं अडखळणं वाढतं. आई घाबरून फोन करते, "मॅडम, जास्तच अडखळतोय हो." मी विचारते, वाक्य किती शब्दांचं होतं?